'अमुक वासाने कॅन्सर होतो' अशी बातमी आली तर ती कशी वाचायची

घरी नवीन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब बसवले ना, की दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात, तो वास बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइडचा असतो, प्लायवूड-एमडीएफ चिकटवायच्या रेझिनमधून सुटणारा. मग कोणीतरी ग्रुपवर 'याने कॅन्सर होतो' असं टाकतं आणि अर्धे लोक घाबरतात, अर्धे म्हणतात सगळ्यानेच होतो. दोन्ही नको. टॉक्सिकॉलॉजीवाले (विषारी पदार्थांचा अभ्यास करणारे) यावर कसं काम करतात ते कळलं की आपल्यालाही नीट ठरवता येतं, म्हणून फॉर्मल्डिहाइडचंच उदाहरण घेते.

पहिलं म्हणजे, बातमीत 'ग्रुप १' लिहिलंय का बघा. आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था अशी वर्गवारी करते, फॉर्मल्डिहाइड २००४ पासून ग्रुप १ मध्ये आहे. पण ग्रुप १ म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का, एवढंच. किती घेतल्यावर किती धोका हे त्यात नसतं! सिगारेटही तिथेच आणि प्रोसेस्ड मांसही तिथेच, म्हणून दोघांचा धोका सारखा होत नाही.

मग डोस शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि बातमीत नेमकं हेच गाळतात. अमेरिकेत १९८० च्या सुमारास उंदरांवर (मोठे उंदीर, रॅट) प्रयोग झाला, रोज ६ तास, आठवड्यात ५ दिवस, दोन वर्षं. २ पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे २ भाग) नाकाचा कॅन्सर एकालाही नाही, ५.६ ला साधारण १ टक्का, आणि १४.३ ला जवळपास निम्म्यांना. म्हणजे डोस अडीच पट आणि कॅन्सर चाळीस-पन्नास पट! कारण कमी डोसला नाकातला चिकट थर आणि पेशीतली एन्झाइम्स तो गॅस निपटून टाकतात, जास्त झाला की ती कमी पडतात, पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या भराभर बनायला लागतात आणि त्या घाईत डीएनएमधली चूक तशीच पुढे जाते. त्यामुळे 'उंदरांना झाला' एवढ्यावर थांबू नका, किती पीपीएमला झाला ते विचारा.

तिसरा प्रश्न, तो गॅस शरीरात पोचतो कुठे? फॉर्मल्डिहाइड पाण्यात पटकन विरघळतो म्हणून बराचसा नाकातच अडकतो. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो, आपण तोंडानेही घेतो, त्यामुळे आपल्यात तो आणखी खाली जाऊ शकतो. बेंझिनचं वेगळं, ते फुफ्फुसातून रक्तात जातं आणि शेवटी बोन मॅरोला (हाडातला मगज, जिथे रक्त बनतं) त्रास देतं, म्हणून तिथे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

इथे एक कमालीचं काम आहे. आपलं शरीर स्वतःच फॉर्मल्डिहाइड बनवतं, मग डीएनएवरचा डाग (तो तिथे चिकटल्याची खूण) आतल्याचा की बाहेरच्याचा कसं ओळखणार? जेम्स स्वेनबर्ग या टॉक्सिकॉलॉजिस्टच्या टीमने कार्बन आणि हायड्रोजनचे जड आयसोटोप (त्याच मूलद्रव्याचे जरा जास्त वजनाचे, म्हणून ओळखू येणारे अणू) घातलेला फॉर्मल्डिहाइड प्राण्यांना हुंगवला. बाहेरच्याचे डाग नाकात सापडले, बोन मॅरोमध्ये नाही. मला हे वाचून खूप बरं वाटलं होतं, इतका साधा आणि स्वच्छ विचार! पण दुसरीकडे शवलेपन करणाऱ्या (मृतदेह टिकवायला फॉर्मल्डिहाइड वापरणाऱ्या) कामगारांच्या अभ्यासात ल्युकेमियाचा संबंध दिसला आणि आयएआरसीने तोही मान्य केला, त्यामुळे वाद आहेच. असा वाद दिसला की कोण खोटं बोलतंय असं समजू नका, प्राण्यांचा पुरावा आणि माणसांचा पुरावा वेगळ्या गोष्टी मोजतात.

शेवटचं, तुमच्या घराशी तुलना करा. डब्ल्यूएचओची घरातल्या हवेसाठीची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति घनमीटर (३० मिनिटांची सरासरी), म्हणजे साधारण ०.०८ पीपीएम. उंदरांच्या १४.३ पासून किती लांब बघा. पण रोज दिवसभर बंद खोलीत फर्निचरचं काम करणारा सुतार, किंवा डिसेक्शन हॉलमध्ये उभी राहणारी मेडिकलची मुलं, यांचा हिशोब वेगळा, त्यांना एक्झॉस्ट हवाच, आणि मागायला लाजू नका.

घरात काय करायचं तर बोर्ड घेताना ई१ किंवा ई० ग्रेड (कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारे बोर्ड) मागा, कापलेल्या कडांना एजबँड (कड झाकणारी पट्टी) लावून घ्या, आणि उष्णता-दमटपणा असला की जास्त सुटतो म्हणून पहिले काही महिने, पावसाळ्यात तर नक्कीच, कपाटाची दारं उघडी ठेवून समोरासमोरच्या खिडक्या उघडा. रूम फ्रेशनर मारू नका, त्याने गॅस तसाच राहतो, फक्त वास झाकला जातो.