गुप्त किल्ली ॲपमध्ये न ठेवता उपकरणाची ओळख पटवायची तयारी

तुमचं ॲप ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेशी बोलत असेल, तर रिलीजची तारीख ठरली की सगळ्यात आधी तयार झालेली एपीके फाइल (अँड्रॉइड ॲपची बांधलेली प्रत) हातात घ्या. सोर्स कोड नंतर. आतला कोड उलगडून दाखवणाऱ्या जॅडएक्ससारख्या साधनात ती उघडा आणि 'एकेआयए' या चार रोमन अक्षरांनी सुरू होणारी वीस अक्षरांची ओळ शोधा. एडब्ल्यूएसच्या कायमच्या ॲक्सेस किल्लीचा आयडी असाच दिसतो, आणि चाळीस अक्षरांची गुप्त किल्ली बहुतेक वेळा जवळच असते. ती तुम्हाला सापडली तर ॲप उतरवून घेणाऱ्या कुणालाही सापडेल. तुकडे करून, एन्कोड करून किंवा नेटिव्ह लायब्ररीत दडवून उपयोग नाही. विनंतीवर सही (ती खरी असल्याचा किल्लीने काढलेला पुरावा) करायच्या क्षणी किल्ली मेमरीत अख्खी असावीच लागते, आणि फोन तुमच्या ताब्यात नसतो. ॲपच्या प्रत्येक प्रतीत तीच किल्ली घालून पाठवली तर ती गुप्त राहिली असं मानूच नका.

मग गिटचा, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनाचा, जुना इतिहासही तपासा, कारण आजच्या फाइलमधून ओळ काढली तरी मागच्या कमिटमध्ये (जपलेल्या बदलात) ती असते. रेपॉझिटरी (कोडचं भांडार) खासगी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०१६ साली उबरच्या खासगी गिटहब रेपॉझिटरीत शिरलेल्यांना तिथेच एडब्ल्यूएसची किल्ली मिळाली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. किल्ली सापडली तर ती फुटली असंच समजून चाला. एका आयएएम युजरला (एडब्ल्यूएस खात्यातल्या वापरकर्त्याला) एका वेळी दोन किल्ल्या ठेवता येतात, त्या सोयीचा फायदा घ्या: नवी तयार करा, सर्व्हर तिच्यावर आणा, जुनीचा शेवटचा वापर कधी झाला ते पाहा, ती निष्क्रिय करा आणि मगच पुसा. ती लोकांच्या फोनवर आधीच पोचली असेल तर तिच्या परवानग्या आजच छाटा. जुनी आवृत्ती अडखळली तरी चालेल.

आता किल्लीच्या जागी काय, ते उपकरणागणिक ठरवा. फोनवर माणूस लॉगिन करतो, तिथे कॉग्निटो या एडब्ल्यूएसच्या लॉगिन सेवेचा आयडेंटिटी पूल लॉगिनचं टोकन घेऊन तात्पुरती क्रेडेन्शियल्स (प्रवेशासाठीचा किल्ल्यांचा संच) देतो. त्यांत आयडी, गुप्त किल्ली आणि सेशन टोकन असे तीन भाग असतात आणि मुदत संपली की तिन्ही निकामी होतात. लॉगिनसाठी पीकेसीई (प्रत्येक लॉगिनला नवा, एकदाच चालणारा पुरावा देणारी पद्धत) वापरा, क्लायंट सीक्रेट (ॲपमध्येच घातलेला कायमचा गुप्त शब्द) नको. ॲपला फक्त फोटो चढवायचा असेल तर एवढाही खटाटोप नको. सर्व्हरने सही केलेली लिंक द्यावी. तिची मुदत सात दिवसांपर्यंत ठेवता येते, पण काही मिनिटं पुरतात. आकाराची मर्यादा हवी असेल तर सही केलेला पोस्ट फॉर्म घ्या, त्यात किमान-कमाल बाइट्सची अट घालता येते. पडदा नसलेल्या यंत्राला, समजा शेतातल्या हवामान केंद्राला, स्वतंत्र एक्स.५०९ सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) द्या आणि त्याची खासगी किल्ली यंत्रातल्या सुरक्षित चिपमध्येच तयार होऊ द्या. हे सर्टिफिकेट दाखवून आयओटी कोअर या एडब्ल्यूएसच्या यंत्रं जोडायच्या सेवेकडून तात्पुरती क्रेडेन्शियल्स घेता येतात. कारखान्यात सगळ्या यंत्रांत एकच नोंदणी-सर्टिफिकेट घालणार असाल तर त्याला नोंदणीपलीकडे कसलीही परवानगी नको, आणि नोंदणीआधी सिरियल नंबर तपासणारं लॅम्डा फंक्शन (एडब्ल्यूएसवर चालणारा छोटा कोड) हवंच.

सगळ्यात जास्त वेळ परवानग्यांना द्या. तात्पुरती क्रेडेन्शियल्स दिली म्हणजे काम झालं असं समजून बकेटभर (फाइली ठेवायच्या क्लाउडमधल्या अख्ख्या डब्यावर) मोकळीक देणाऱ्या पॉलिसी, म्हणजे परवानग्यांचे नियम, लिहिल्या जातात, आणि मग एका ग्राहकाच्या टोकनने दुसऱ्याची बिलं वाचता येतात. त्यापेक्षा आधीची किल्ली काय वाईट होती? पॉलिसीत कॉग्निटो ओळखीचं व्हेरिएबल वापरून प्रत्येकाला त्याच्याच फोल्डरपुरतं बांधा. वाचणं-लिहिणं बांधलं आणि यादी पाहणं मोकळं राहिलं, असं होऊ देऊ नका. बकेटची यादी मागण्यावरही प्रिफिक्सची (फाइलच्या नावाच्या सुरुवातीच्या भागाची) अट लागते. क्रेडेन्शियल्सना परवानग्या देणाऱ्या रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत (तो रोल कुणाला घेता येईल हे ठरवणाऱ्या नियमात) आपल्याच पूलचा आयडी आणि लॉगिन झालेलं असण्याची अट आहे ना, ते डोळ्यांनी वाचा. पाहुण्यांचा प्रवेश लागत नसेल तर बंद ठेवा. मग दोन चाचणी खाती उघडा आणि पहिल्याच्या क्रेडेन्शियल्सने दुसऱ्याची फाइल मागा. ४०३ (परवानगी नाही) आलं तरच पुढे जा, आणि ही चाचणी प्रत्येक बिल्डबरोबर चालू द्या.

क्रेडेन्शियल्सची मुदत ती मागताना ठरते आणि रोलवरच्या कमाल मर्यादेत बसावी लागते: किमान १५ मिनिटं, जास्तीत जास्त १२ तास, काही न सांगितल्यास सहसा एक तास. मला एक तास ठीक वाटतो. ॲप मागे टाकून मुदत संपल्यावर परत उघडा, आणि मंद नेटवर्कवर मोठा व्हिडिओ चढवताना मधेच मुदत संपवून पाहा. रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता नवं टोकन मिळवून देणारं) अँड्रॉइडच्या कीस्टोअरमधल्या किल्लीने कुलूपबंद करा, आयफोनवर कीचेनमध्ये ठेवा. क्रॅश रिपोर्टमध्ये सही केलेल्या लिंका जात नाहीत ना, तेही तपासा. घड्याळही विसरू नका. वेळ १५ मिनिटांहून जास्त चुकली तर एस-थ्री (बकेट सांभाळणारी एडब्ल्यूएसची सेवा) विनंती नाकारतं, आणि बॅटरी संपून १९७० सालात जागं झालेलं यंत्र सर्व्हरच्या सर्टिफिकेटलाच अवैध ठरवतं. म्हणून जोडणीआधी वेळ जुळवून घ्या.

फोन हरवल्याची रंगीत तालीम करा. रिफ्रेश टोकन रद्द केलं तरी आधीच दिलेली क्रेडेन्शियल्स मुदतीपर्यंत चालतात. ती लगेच तोडायची तर रोलवर ठरावीक वेळेआधीची सगळी सेशन्स नाकारणारी अट घालावी लागते. तिचा फटका सगळ्यांना बसतो, म्हणून बाकीच्यांचं ॲप आपोआप नवी क्रेडेन्शियल्स घेतं की नाही ते पाहा. यंत्राच्या बाबतीत त्याचं एकच सर्टिफिकेट निष्क्रिय केलं की त्याला नवी क्रेडेन्शियल्स मिळत नाहीत, पण आधी दिलेली मुदतीपर्यंत चालतात. हे रात्री दोन वाजता कोण करणार, त्याचं नाव लिहून ठेवा.

शेवटी नोंदी. एडब्ल्यूएसमधल्या हालचालींची नोंद ठेवणारं क्लाउडट्रेल एस-थ्रीतल्या एकेका फाइलच्या हालचाली आपणहून नोंदवत नाही. ती सोय वेगळी चालू करावी लागते आणि तिचे पैसे पडतात, तरी संवेदनशील बकेटसाठी ती घ्याच. चालू केल्यावर चाचणी खात्यातून एक फोटो चढवा, थोडा वेळ थांबा, आणि तो कोणत्या ओळखीने चढला हे नोंदीतून सांगता येतं का ते बघा.