मतमोजणीच्या दिवशी वही कशी ठेवायची

४ जून २०२४ ला बीड लोकसभेची मोजणी रात्री उशिरापर्यंत चालली. दारावरून जाणारा प्रत्येक जण विचारी, “गुरुजी, कोण पुढं?” मी वहीत बघून आधी फेरीचा आकडा सांगे, मग मतांचा. हाच क्रम तुम्हीही ठेवा.

आदल्या रात्री पान आखून घ्या. लोकसभेची मोजणी विधानसभा क्षेत्रानुसार होते, म्हणून आमच्याकडे रकाने सहा: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी. प्रत्येक ठिकाणी साधारण १४ टेबलं असतात, म्हणजे एका फेरीत १४ मतदान केंद्रं. क्षेत्रात ३५० केंद्रं असली तर फेऱ्या २५. हा भागाकार आधीच करून ठेवा, दिवसभर जीव टांगणीला लागत नाही.

सकाळी ८ ला टपाली मतं मोजायला घेतात, त्यानंतर अर्ध्या तासानं मतदान यंत्रं. पहिल्या तासातल्या आकड्यांवरून काही ठरवू नका. यंत्रं केंद्रांच्या अनुक्रमानं टेबलावर येतात, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत तालुक्याचा एकच कोपरा बोलत असतो. दुसरा कोपरा आला की आघाडी फिरते. त्यात गडबड झाली असं समजू नका, गावांची नावं बघा.

आघाडी किती, यापेक्षा उरलंय किती, ते लिहा. केंद्रामागे ७०० मतं धरली तर सहा क्षेत्रांची मिळून एक फेरी जवळपास ५९ हजारांची. पाच फेऱ्या बाकी असताना २० हजारांची आघाडी म्हणजे काहीच नाही. बीडचा निकाल शेवटी ६,५५३ मतांनी लागला. मुंबई उत्तर-पश्चिमचा तर ४८ मतांनी.

देशाचं पान वेगळं ठेवा. वर एकूण जागा ५४३, त्याखाली बहुमताची २७२ ची रेघ. पक्षाचा आणि आघाडीचा आकडा वेगवेगळा लिहा: त्या वेळी भाजप २४०, एनडीए २९३. दोन्ही एकात मिसळले की चर्चा भलतीकडे जाते. एक्झिट पोल मी वहीत घेत नाही. ती मोजलेली मतं नव्हेत.

मोजलेल्या मतांबद्दल मी एवढा हळवा का, तेही सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना मी अनेकदा केंद्राध्यक्ष होतो. पहाटे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान घ्यायचं, ते पुसायचं, मग खरं मतदान. शेवटी यंत्राचं क्लोजचं बटण दाबून एकूण मतांचा आकडा १७-सी नमुन्यावर लिहायचा आणि प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला त्याची प्रत द्यायची. एका वर्षी एका म्हाताऱ्या प्रतिनिधीनं तो आकडा मला दोनदा वाचायला लावला, मग कागद घडी करून टोपीत ठेवला. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा आकडा त्या कागदाशी जुळवता येतो. तुमच्या ओळखीचं कोणी प्रतिनिधी असेल तर त्या संध्याकाळीच आकडा विचारून वहीत टिपून ठेवा.

निकालानंतर वही टाकू नका. नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, केंद्रनिहाय मतं प्रसिद्ध होतात. त्यात आपलं केंद्र शोधा, नोटासकट बेरीज करा आणि १७-सीच्या आकड्याशेजारी लिहा.