सुन्न करायचं इंजेक्शन: या चुका टाळा

दाढ काढणं, टाके घालणं, गाठ काढणं. नागपुरात अशी कामं जागा सुन्न करून रोज होतात आणि बहुतेकदा सुखरूप पार पडतात. पण लिग्नोकेनसारखं औषध किती चढेल, हे श्वासावरही ठरतं. श्वास उथळ झाला की कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्ताची आम्लता वाढते. प्रथिनांना चिकटलेलं औषध सुटतं, मेंदूकडचा रक्तप्रवाहही वाढतो. एरवी सोसला असता तोच डोस मग बाधतो, कधी झटका (फिट) येतो.

सगळ्यात महागात पडते ती झटका आल्यावरची धांदल. कोणी कांदा हुंगवतं, कोणी दातांत चमचा घालतं, कोणी पाणी पाजतं. झटक्यात श्वास नीट चालत नाही, आम्लता आणखी वाढते, औषधाचा जोरही वाढतो. हे चक्र तोडायला आधी श्वासमार्ग मोकळा आणि शंभर टक्के ऑक्सिजन, सोबत झटका थांबवणारं औषध आणि शिरेतून २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे चरबीचं पांढरं द्रावण. म्हणून खुर्चीत बसण्याआधीच विचारा, "डॉक्टरसाहेब, ऑक्सिजन सिलिंडर आहे ना?" यात उद्धटपणा काही नाही.

इंजेक्शननंतर तोंडात धातूची चव आली, जिभेला मुंग्या आल्या, कानात घुमायला लागलं, तर "होते थोडंफार" म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा.

दाढेखाली पू असेल तर "अजून एक मारा" असा हट्ट धरू नका. पुवामुळे तिथली आम्लता वाढते, म्हणून औषध मज्जातंतूत कमी शिरतं. तिथे सुन्न होत नाही, पण डोस मात्र वाढत जातो. २ टक्के औषधाच्या दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतात, आणि मर्यादा वजनावर ठरते. पोरांच्या बाबतीत ती फार लवकर गाठली जाते.

लेझरआधी लावायची सुन्न करणारी क्रीम घरीच जाड थापून प्लास्टिक गुंडाळणं हा तर निव्वळ आगाऊपणा. तिच्यात बऱ्याचदा प्रिलोकेन असतं. त्याने हिमोग्लोबिन बदलून मेटहिमोग्लोबिन होतं. फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर, पण तो वाहून न्यायला रक्त नालायक. ओठ निळे पडतात, ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतो आणि मास्क लावूनही आकडा हलत नाही. तेव्हा घरी आकडा बघत न बसता थेट मेडिकल किंवा मेयो यांपैकी एक सरकारी रुग्णालय गाठा, क्रीमची ट्यूब सोबत न्या.

आणि सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असेल तर लपवू नका. विदर्भात तो अनेक घरांत आहे, ऑक्सिजन कमी पडला की त्या पेशी वाकड्या होतात. जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर तेही सांगा, कारण मेटहिमोग्लोबिनवरचं औषध मिथिलीन ब्लू अशा माणसाला देता येत नाही.