परदेशातल्या तळावर अँटेना बसवताना

सैन्यात सिग्नलमध्ये होतो, आता साताऱ्यात असतो. परदेशी तळावर रेडिओ सांभाळायला निघालेली पोरं येतात, त्यांना मी आधी अँटेनाच शिकवतो. सेट सहसा बिघडत नाही. बिघडतं ते बाहेर उन्हापावसात असतं ते.

साध्या डायपोलसाठी (मधोमध केबल जोडलेली, दोन्ही बाजूंना सारखी तार असलेली अँटेना) १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ला साधारण २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. तार थोडी जास्तच ठेवा, मग कापत कापत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती सेटकडे परत फिरते ते दाखवणारा आकडा) १.५ च्या आत आणा.

खरी काळजी कोॲक्सच्या, म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलच्या, जोडाची. एकजीव होणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे पदर कौलांसारखे बसतात नि पाणी आत शिरत नाही. वरून काळी पीव्हीसी टेप. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, पाणी तिथंच ठिबकतं. कासच्या पावसात टिकलेल्या जोडाची मला कुठंच काळजी वाटत नाही.

अंटार्क्टिकात बर्फावर अर्थिंगचा भरवसा नको, बर्फातून वीज नीट वाहत नाही. तिथं काउंटरपॉइजच्या, म्हणजे अर्थिंगऐवजी काम करणाऱ्या, तारा पसरा.

दर महिन्याला एसडब्ल्यूआर वहीत लिहा. आकडा बदलला की लगेच सेट उघडू नका. जोड सोडून बघा. केबलमधली तांब्याची जाळी काळी-हिरवी पडली असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा.