तोंड वाकडं झालं? आधी तारीख लिहून ठेवा

तोंडावरून वारं गेलं की घरात पहिली धावपळ होते ती तेल-मालिशची. त्याआधी दोन कामं करा. कधीपासून झालं ती तारीख आणि वेळ कागदावर लिहा, आणि माणसाला भुवया वर उचलायला सांगा.

ओठ एका बाजूला ओढला गेलाय, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता मोठी. हात लुळा पडला असेल किंवा बोलणं जड झालं असेल, तर कपाळ बघत बसू नका, थेट १०८ ला फोन करा. अर्धं कपाळही गुळगुळीत आणि डोळाही मिटत नाही, असं असेल तर बिघाड बहुधा चेहऱ्याच्या नसेत असतो.

ही नस कानाच्या हाडातल्या बोगद्यातून येते. बोगदा सर्वांत चिंचोळा असतो तिथे तो जेमतेम ०.७ मिलिमीटरचा. नसेला सूज आली की ती तिथेच आवळली जाते. बेल्स पाल्सीत, म्हणजे उघड कारणाशिवाय अचानक अर्धा चेहरा लुळा पडतो त्या आजारात, हेच होतं. कानाच्या पाळीखाली बाहेर पडून नस गालाच्या लाळग्रंथीत शिरते आणि तिला पाच मुख्य फाटे फुटतात: कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान.

बेल्स पाल्सीत स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. ठाणे परिसरात असाल तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयातली कान-नाक-घसा ओपीडी त्यासाठी पुरेशी आहे. मधुमेह असेल तर आधी सांगा, या गोळ्यांनी साखर चढते. कानात फोड आले असतील तर तेही दाखवा, कारण मग विषाणूवरचं औषधही लागतं. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येतो आणि शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. चार महिन्यांनंतरही एक रेषा हलत नसेल, किंवा लुळेपणा हळूहळू वाढत गेला असेल, तर ती बेल्स पाल्सी मानू नका. एमआरआय करून गाठ आहे का ते बघायलाच हवं.

तोवर डोळा सांभाळा. घोडबंदर रोडच्या धुळीत उघडा डोळा घेऊन दुचाकीवर बसणं म्हणजे बुबुळाला जखम ओढवून घेणं. दिवसा दर दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि बाहेर पडताना कडांनी बंद असलेला चष्मा. रात्री मलम घालून पापणी बोटाने पूर्ण मिटवा आणि कागदी टेप लावा. डोळ्यावर नुसती कापसाची पट्टी ठेवू नका. पट्टीखाली डोळा उघडतो आणि कापूस बुबुळावर घासतो. पापणी बराच काळ मिटत नसेल तर वरच्या पापणीत साधारण १ ग्रॅमचं सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं वजन बसवतात.

नस कापली गेली असेल तर वाट बघणं घातक. समजा, महापे एमआयडीसीत काच लागून गाल चिरला. टाके घालण्यापूर्वी, भुलीचं इंजेक्शन देण्याच्याही आधी, चेहरा हलतो का ते तपासून केसपेपरवर लिहून घ्या. भुलीनेही चेहरा लुळा पडतो, मग नस तुटली की नाही ते कळत नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ खाली रेघ ओढा. रेघेच्या कानाकडच्या बाजूला कापलं असून चेहरा हलत नसेल, तर नस शोधून जोडावी लागते, तीही शक्यतो ७२ तासांत. तोवरच तुटलेलं पुढचं टोक विजेच्या टोचणीला हलून आपली जागा दाखवतं. सायनच्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, ठाण्याहून लोकलने थेट जाता येतं. टोकं सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक नायलॉनने जोडतात. ओढाताण झाली की जोड फसतो, म्हणून अंतर असेल तर पोटरीतली संवेदनेची नस मध्ये घालतात. त्या बदल्यात पावलाची बाहेरची कड बधिर राहते. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, तेव्हा पहिली हालचाल दिसायला काही महिने लागतात.

नसेशी जोड तुटलेलाच राहिला तर चेहऱ्याचे स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत निकामी होऊ लागतात. त्याआधी चावण्याच्या स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडता येते. दात दाबले की हसू उमटतं. उशीर झाला असेल तर मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस स्नायू रक्तवाहिन्या आणि नसेसकट गालात बसवतात. आपसूक येणारं हसू हवं असेल तर आधी चांगल्या बाजूची नस पोटरीच्या नसेतून पलीकडे आणावी लागते. ती वाढायला ९ ते १२ महिने थांबून मग स्नायू बसवतात. वय किंवा हृदयविकारामुळे एवढी लांब शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर कानशिलाचा स्नायू ओठाच्या कोपऱ्याकडे वळवतात.

स्नायू बसवल्यावर पहिले काही दिवस त्या गालावर झोपू नका. तंबाखू, मिशेरी आधीच बंद करा. रक्तवाहिनी आवळली की स्नायू मरतो.

व्यायामाबद्दल एकच आग्रह: फुगे फुगवणं आणि च्युइंगगम नको. जोर लावला की नसेच्या तारा चुकीच्या जागी जुळण्याची सवय पक्की होते, मग हसताना डोळा मिटतो. आरशासमोर बसून ओठाचा कोपरा हळूच, थोडासाच उचला. डोळा ओढला जाऊ लागला की तिथेच थांबा.