प्रत्येक गटात सहाच उंदीर कशासाठी?

नाशिकमध्ये एम.फार्म.ला औषधशास्त्र विषय घेतलेला विद्यार्थी ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, जाण्याआधी १९६० चा प्राण्यांशी क्रूर वर्तन रोखणारा कायदा आणि १९९८ चे नियम वाचतो, रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे (प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या कमी करणे, त्यांचा त्रास कमी करणे) पाठ करतो आणि कार्यशाळेचे प्रमाणपत्र मिळवतो. प्रमाणपत्र म्हणजे मंजुरी नव्हे. ‘मंजुरी येईलच, तोवर पायलट, म्हणजे छोटा चाचणी प्रयोग, उरकून घ्या’ असे गाईडने सांगितले तरी ऐकू नका, कारण संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी पायलटलाही लागते.

माझा फॉर्म बी, म्हणजे या समितीकडे करायचा मंजुरीचा अर्ज, मात्र अडला तो संख्येच्या रकान्यावर. मधुमेहाच्या अभ्यासासाठी मी पाच गट आणि प्रत्येकी सहा विस्टर (प्रयोगशाळेतली एक जात) उंदीर, असे ३० प्राणी मागितले होते, कारण विभागातल्या जुन्या प्रबंधांत सहाच असत. समितीत विज्ञानक्षेत्राबाहेरचा एक सदस्य असतो. नेमके त्यांनीच विचारले, की सहाच का, पाच किंवा आठ का नाहीत? ‘पद्धत आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

आधीच्या अभ्यासांतून गटांमधला अपेक्षित फरक आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते) मिळत असेल, तर पॉवरचे गणित मांडावे, म्हणजे तो फरक दिसायला किती प्राणी पुरतील ते काढावे. ते मिळत नसेल तर रिसोर्स इक्वेशन वापरतात: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करून येणारा आकडा १० ते २० मध्ये बसावा. माझ्या प्रस्तावात तो २५ येत होता. गटात पाच उंदीर घेतले की २० येतो. पण म्हणून संख्या डोळे झाकून कमी करू नका. मधुमेह घडवण्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन दिलेला प्रत्येक उंदीर मधुमेही होत नाही, आणि काही दगावतात. ही गळती ज्या गटांना ते द्यायचे त्यांच्यापुरती आधीच धरून, तिचा आधार देऊन, जादा प्राणी फॉर्ममध्येच मागावे लागतात. ते रसायन न दिलेल्या नियंत्रण गटासाठी तोच वाढीव आकडा लिहिला तर पुन्हा प्रश्न येतो. गळती धरलीच नाही, तर शेवटी गटात तीन-चार उंदीर उरतात, निष्कर्ष निघत नाही आणि वापरलेले सगळेच प्राणी वाया जातात. मंजूर आकड्यापेक्षा एक जरी जास्त हवा असेल तरी पुन्हा समितीकडे जावे लागते.

सीनियरने पाठवलेला तयार फॉर्म बी ही मला सर्वांत घातक सोय वाटते, कारण त्यातला आकडा विचार न करता उतरवला जातो. केवळ हात बसावा म्हणून प्राण्यांवर प्रयोग शक्यतो करू नयेत असे कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे, तेव्हा तोंडावाटे औषध देण्याचा पहिला सराव प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर करावा. पुढचे शिक्षण, माझ्या मते, कार्यशाळेपेक्षा ॲनिमल हाउसमधल्या मदतनिसांकडून अधिक मिळते. मधुमेही उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा किती लवकर भिजतो, हे त्यांना ठाऊक असते. आणि नाशिकच्या जानेवारीत पहाटे खोलीचे तापमान मार्गदर्शक सूचनांतल्या १८ अंशांखाली उतरू लागले, तर ते त्यांच्याच आधी लक्षात येते.

प्रस्ताव परत आला म्हणून खचू नका. बहुतेक वेळा तो दुरुस्तीसाठी परत येतो, नाकारलेला नसतो. फक्त पुढच्या बैठकीची तारीख लगेच विचारून घ्या आणि मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत उंदरांची मागणी नोंदवू नका, कारण बैठक लांबली तर त्यांचे वजन फॉर्ममध्ये लिहिलेल्या मर्यादेबाहेर जाते.