पावसात छत्री फिरवू नका: उपग्रहाबाबतच्या या चुका टाळा

मृगाचा पाऊस जोरात आला आणि टीव्हीवरचं चित्र अडकलं, की घरातलं कोणीतरी माळवदावर चढून डिशची छत्री हलवतंच. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. घरच्या छत्रीकडे येणारे सिग्नल केयू बँड नावाच्या लहरींचे, तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. दाट पावसाचे थेंब ते शोषतात, विखुरतात. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं. हलवलेली छत्री मात्र आपोआप जागेवर येत नाही, आणि दोन-तीन अंश सरकली तरी उपग्रह हातचा जातो. मग मिस्त्रीला बोलवा.

हा उपग्रह डोक्यावर नसतो. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर तो पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी दिसतो. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तो पडत नाही, असं पुष्कळजण सांगतात. साफ चूक. गुरुत्वाकर्षण नसतं तर तो सरळ रेषेत निघून गेला असता. सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने पुढे पळत तो सतत पृथ्वीकडे पडतच असतो, फक्त जमीन गाठत नाही.

मराठवाडा विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून छत्रीचं तोंड दक्षिणेकडेच हवं. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, छत्रपती संभाजीनगर ७५ अंशांच्या पुढे. त्यामुळे तिथून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर. छत्री मात्र त्याहून बरीच उभी दिसते, कारण एलएनबी, म्हणजे छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला बसवलेला असतो. अंदाजाने ती मागे झुकवू नका. आग्नेयेला लिंबाचं झाड वाढलंय का, तेही बघा. दरवर्षी थोडं थोडं वाढतं, लक्षात येत नाही.

टीव्हीच्या बॉक्सवर स्ट्रेंथ (सिग्नलचा जोर) भरपूर आणि क्वालिटी (सिग्नलची शुद्धता) शून्य? म्हणजे छत्री भलत्याच दिशेला आहे. क्वालिटीचीच पट्टी पाहून जुळवा. आणि मार्चचा दुसरा आठवडा किंवा ऑक्टोबरची सुरुवात असेल, सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटंच चित्र जात असेल, तर सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलाय. हात लावू नका.

आता शेतातली गोष्ट. मोबाइलचा जीपीएस उपग्रहाला काही पाठवत नाही, नुसतं ऐकतो. किमान चार उपग्रहांच्या वेळेवरून जागा काढतो, त्यामुळे रेंज नसली तरी चालतो. इंटरनेट लागतं ते नकाशाला. पण उघड्यावरही तो तीन-चार मीटर चुकू शकतो. शंभर मीटरच्या बांधावर तीन मीटर म्हणजे जवळपास तीन गुंठे! त्यावर भावकीत काठ्या निघायला नकोत. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. त्यांचे रोव्हर, म्हणजे मोजणीची यंत्रं, हीदेखील उपग्रहच ऐकतात, पण जमिनीवरच्या स्थिर केंद्रांच्या मदतीने चूक सेंटिमीटरपर्यंत खाली आणतात.